ट्रूनॅटवर टीबीची टेस्ट लावताय? या चुका टाळा

सहा मायक्रोलिटर. साध्या ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब टाकला तर त्याचा जेमतेम आठवा हिस्सा भरेल. ट्रूनॅट म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारं मशीन, त्याच्या चिपवर एवढंच एल्यूट, म्हणजे बेडक्यातून काढलेल्या डीएनएचं पाणी, जातं आणि समोरच्या माणसाला टीबी आहे की नाही ते त्यावरच ठरतं. मोलबायोचं हे मशीन, गोव्याची कंपनी, डब्ल्यूएचओने 2020 मध्ये त्याची शिफारस केली, बॅटरीवर पण चालतं म्हणून आज अगदी छोट्या लॅबपर्यंत पोचलंय. पण रिझल्ट इनव्हॅलिड आला की सगळे आधी मशीनकडे बोट दाखवतात, आणि मी तालुक्याच्या लॅबमध्ये हेच काम करतो म्हणून सांगतो, बहुतेक वेळा गडबड मशीनमध्ये कार्ट्रिज जायच्या आधीच झालेली असते.

सुरुवात डबीपासून. पेशंटला नुसती डबी दिली की तो थुंकून आणतो आणि आपण ती लाळ तशीच टेस्टला लावतो. त्याला बाहेर मोकळ्या हवेत उभं करा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायला लावा, छातीतून खोकून बेडका काढायला सांगा. सकाळचा पहिला बेडका असेल तर उत्तमच. दोन मिनिटं जातात पण पुढची सगळी टेस्ट त्याच्यावर उभी असते.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, घाई. बेडक्यात लिक्विफॅक्शन बफरचे (बेडका पातळ करणाऱ्या द्रवाचे) 2 थेंब टाकून 10 मिनिटं ठेवायचं, मधेमधे डबी हलकेच फिरवायची, मग त्यातलं 0.5 मिली लायसिस बफरच्या (जंतू फोडणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत टाकून परत लिक्विफॅक्शन बफरचे 2 थेंब आणि 3 मिनिटं. ओपीडीला गर्दी असली की ही 10 मिनिटं चारवर येतात. यानंतर ते ट्रूप्रेप या डीएनए काढणाऱ्या मशीनच्या कार्ट्रिजमध्ये जातं, तिथूनच एल्यूट मिळतं. कार्ट्रिजच्या आत बारीक वाटा आहेत, डीएनए धरून ठेवणारा एक थर आहे, चिकट बेडका तिथे अडकला की ट्रूप्रेप एरर देतं किंवा डीएनएच नीट निघत नाही, आणि दुसरं जास्त वाईट कारण एरर निदान दिसतो तरी. पिपेटमध्ये सहज ओढलं जात नसेल तर अजून थांबा, घड्याळ काही पण सांगू दे.

मग पिपेट. टिप नवीन, फिल्टरवाली. एल्यूट मायक्रोट्यूबमध्ये टाकलं की अर्धा-एक मिनिट थांबा, आतली सुकी पावडर विरघळून पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे, मगच 6 मायक्रोलिटर चिपच्या पांढऱ्या खळग्यात सोडा. शेवटचा दाब मारून हवा ढकलू नका, बुडबुडा होतो आणि मशीन त्या खळग्यातला प्रकाश वाचत असतं त्यामुळे रीडिंग बिघडतं. खळग्याला बोट लावायचं नाही. आणि चिपचं पाकीट आधीच फोडून रांगेत मांडून ठेवायची सवय सोडा, पावसाळ्यात तर नकोच, दमट हवा आत गेली की ती पावडर खराब होते.

एल्यूट फेकू नका. हे मी तळमळून सांगतोय. आमच्याकडे एक ऊसतोड मजूर आला होता, टीबी पॉझिटिव्ह निघाला, आता त्याच एल्यूटवर रिफॅम्पिसिन रेझिस्टन्सची (टीबीचं हे मुख्य औषध लागू पडेल का ते बघायची) दुसरी चिप लावायची तर टेबल आवरताना ट्यूब कचऱ्यात गेलेली. नवीन सॅम्पलसाठी निरोप पाठवला तोवर टोळी पुढच्या गावाला निघून गेली, बारा दिवसांनी माणूस सापडला, तोपर्यंत त्याच कोपीत बायको आणि दोन पोरं त्याच्याबरोबर झोपत होती. तेव्हापासून ट्यूबवर नंबर टाकून रिफचा रिझल्ट येईपर्यंत ती जपून ठेवतोच.

इनव्हॅलिड म्हणजे निगेटिव्ह नाही, कृपा करून रजिस्टरमध्ये तसं लिहू नका. टेस्टच्या आत एक कंट्रोल असतो, टेस्ट नीट चालली का ते तो दाखवतो, टीबीचा सिग्नल नाही आणि तो कंट्रोलही उठला नाही तर टेस्ट झालीच नाही असं समजायचं आणि परत लावायची. उलट टीबीचा सिग्नल जोरात असेल आणि कंट्रोल दिसत नसेल तर घाबरू नका, जंतू खूप असले की असं होतं, तो रिझल्ट पॉझिटिव्हच धरायचा.

औषधं चालू असलेल्या पेशंटला बरा झाला का बघायला ही टेस्ट लावू नका, मेलेल्या जंतूंचा डीएनए पण पकडला जातो. त्यासाठी स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली बेडका बघणं) किंवा कल्चर (जंतू वाढवून बघणं).

आणि एका दिवशी अचानक ओळीने चार-पाच पॉझिटिव्ह, तेही अगदी कमी लोडचे, म्हणजे जंतू अगदी थोडे असलेले, आले तर रिपोर्ट सोडायच्या आधी निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे टीबी नसलेलं सॅम्पल, लावून बघा. टेबल, पिपेट, ग्लोव्हज यातलं काहीतरी दूषित झालेलं असू शकतं. वापरलेली चिप आणि टिप ताज्या हायपोक्लोराइटमध्ये, कालच्या नाही.