निरनिराळ्या धर्मांची माणसं एका सतरंजीवर बसवायची तर

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असं पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, सगळे माना डोलावतात आणि बोलण्यासारखं काही उरत नाही. म्हणून आमच्या वसईतल्या वाचनबैठकीत मी सुरुवातीलाच सांगते, आज एकमत करायचं नाही, समोरच्याचं म्हणणं नीट कळून घ्यायचं. तुमच्याकडे अशी बैठक सुरू करायची असेल तर या एका गोष्टीवर ठाम राहा.

जागा वाचनालयाची किंवा शाळेच्या वर्गाची घ्या. सुरुवातीला कोणाचंच प्रार्थनास्थळ नको. आम्ही रविवारी दुपारी चारला बसतो. चर्चमधला सकाळचा मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आटोपलेला असतो आणि जैन मंडळींना दिवस मावळायच्या आत घरी जेवता येतं. खायला केळी ठेवा, ती सगळ्यांना चालतात. रमजानमध्ये तेही नको. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, कुठल्याही धर्माचं माणूस एकटं बोलावू नका, निदान दोघं हवीत. एकट्यावर साऱ्या समाजाच्या वतीने उत्तरं द्यायची वेळ येते. दोघं असली की त्यांच्यातलेच मतभेद बाकीच्यांना दिसतात, आणि ते दिसणं फार गरजेचं असतं.

येण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावं, मी कुठे उभा आहे? माझाच मार्ग खरा, असं मानणारे असतात. सत्य माझ्याकडे पूर्ण आहे, इतरांकडे त्याचा अंश आहे, असं मानणारे असतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केलं की इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. ती भूमिका साधारण याच जातीची. ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हिक यांच्यासारखे लोक म्हणतात की सगळे धर्म म्हणजे एकाच परमसत्याला आपापल्या परीने दिलेले प्रतिसाद आहेत. सत्याला अनेक बाजू असतात या जैनांच्या अनेकांतवादाला लोक सरसकट या तिसऱ्या खणात टाकतात, ते मला पटत नाही. जैन आचार्यांनी इतर दर्शनांशी कडाडून वाद घातलेत. एका बाजूने पाहिलेलं तेवढंच पूर्ण सत्य मानू नका, एवढा त्यांचा आग्रह. पहिल्या भूमिकेच्या माणसालाही बैठकीत जागा द्या. तो प्रामाणिक असेल तर त्याच्याकडून खूप कळतं.

चर्चा हवेत नको, समोर कागद हवा. उपवासाच्या बैठकीत आम्ही तीनच छोटे उतारे घेतले होते. कुराणातल्या सूरह बकराची १८३वी आयत, बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातल्या उपवासाबद्दलच्या ओळी आणि जैनांच्या तत्त्वार्थसूत्रातलं ‘तपसा निर्जरा च’, म्हणजे तपाने कर्मही झडतं. पर्युषणात अठ्ठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपवास, केलेल्या एक जैन काकू सांगत होत्या की पाणी फक्त उकळलेलं आणि तेही दिवसाउजेडीच. शेजारच्या ताईंनी विचारलं, ‘आम्ही तर रोज्यात पाण्याचा थेंबही घेत नाही, पण मगरिबला, सूर्य मावळल्यावर, सोडतो. तुम्ही आठ दिवस कशाच्या जोरावर काढता?’ काकू म्हणाल्या, ‘कर्म झडतं म्हणून.’ त्यावर एक कॅथलिक गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘आमच्यात उपवासाने आत्म्याचं तारण कमावता येत नाही. ती देवाची कृपा. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातला उपवास मन देवाकडे वळवण्यासाठी.’ ताईंच्या मते रोजा ठेवायचा तो अल्लाहचा हुकूम म्हणून, तक्वा, म्हणजे देवाची सतत जाणीव, अंगी यावा म्हणून. पोट तिघांचंही रिकामं, कारण मात्र तीन. ही कारणं मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली आणि तशीच राहू दिली.

अशा वेळी एक नियम कडक पाळा. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. काकूंना कृपेची गोष्ट आपल्या शब्दांत तीनदा सांगावी लागली, पण तिसऱ्यांदा ते गृहस्थ खुलले. स्वीडिश बिशप क्रिस्टर स्टेन्डाल यांनी १९८५ साली स्टॉकहोममध्ये सांगितलेले नियमही मी वापरते. एखादा धर्म समजून घ्यायचा तर तो पाळणाऱ्यांना विचारा, त्यांच्या विरोधकांना नको. आपल्यातलं उत्तम आणि त्यांच्यातलं वाईट अशी तुलना करू नका. आणि त्यांच्याकडचं काहीतरी आपल्याकडे असावं असं वाटण्याइतकी जागा मनात ठेवा.

हे सगळं बाहेरून आलेलं नाही. आमच्या सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात राजा शिकारीच्या सहली सोडून ब्राह्मण-श्रमणांना भेटतो, गावोगावच्या लोकांशी धर्माबद्दल विचारपूस करतो. त्याच्याच गिरनारच्या बाराव्या लेखात तर जिभेवर ताबा ठेवायला सांगितलंय, कारण स्वतःच्या पंथाच्या भक्तीपोटी दुसऱ्याची निंदा करणारा आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. नवीन मंडळी आली की हा लेख मी पहिल्यांदा वाचायला देते.

त्या दिवशीची बातमी घेऊन कोणी तावातावाने आलं तर त्याला गप्प करू नका. पहिली दहा मिनिटं त्यालाच द्या आणि मग उताऱ्याकडे वळा. मूर्तिपूजा आणि धर्मांतर हे विषय मात्र घाईने काढू नका. माणसं एकमेकांच्या घरी जाऊ-येऊ लागली, की मग घ्या. आणि तेव्हाही बैठकीच्या आठवडाभर आधी उतारे सगळ्यांच्या हातात पडू द्या.