चिप्सच्या दुकानात ऑर्डर देण्याआधी

ब्रिटनमध्ये फिश अँड चिप्स (तळलेला मासा आणि चिप्स, म्हणजे वेफर्स नव्हे, तर बटाट्याचे जाड फ्राइज) घ्यायला गेलात, तर आधी एक विचारा: तळण कशात करता? उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये बरीच दुकानं आजही बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईबैलाच्या चरबीत तळतात. मासा न घेता नुसते चिप्स घेतले तरी ते त्याच चरबीतले. शाकाहारी असाल किंवा बीफ खात नसाल, तर विचारायला अजिबात संकोचू नका.

चरबी चालत असेल, तर तिथे ‘स्क्रॅप्स’ जरूर मागा. मासे तळताना सुटलेले पिठाचे कुरकुरीत कण, थेट आपल्या वडापावच्या गाडीवरचा चुरा! अनेक ठिकाणी फुकट मिळतात.

स्कॉटलंडमध्ये ‘फिश सपर’ म्हणजे मासा आणि चिप्स. चिप्स नको असतील तर ‘सिंगल फिश’ म्हणायचं. एडिनबरात ‘सॉल्ट अँड सॉस?’ असं विचारतात. हा सॉस म्हणजे टोमॅटो केचप नव्हे, तर पातळसर, आंबटगोड ब्राउन सॉस. ग्लासगोत मात्र मीठ आणि व्हिनेगरच. लंडनकडे पाटीवर ‘रॉक सॅमन’ दिसला, तर तो सॅमन नसतो. आपल्याकडच्या मुशीच्या जातकुळीतला छोटा शार्क असतो तो.