खाज थांबली म्हणजे रोग गेला असं नाही : गजकर्ण, खरूज आणि गुप्तरोगांत या चुका टाळा

पावसाळ्यात कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत. राधानगरी-गगनबावड्याकडं रोपलावणीचे पाय दिवसभर चिखलात, शहरात ओलसर चड्डी आणि तालमीत कालचाच लंगोट. गजकर्ण उठवणाऱ्या त्वचेच्या बुरशीला एवढं पुरतं. मग मेडिकलमधून ट्यूब येते, दोन दिवसांत खाज थांबते आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

ट्यूबवरची नावं न वाचता लावणं

क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव ट्यूबवर असलं तरी ती गजकर्णाची ट्यूब नव्हे. ही स्टिरॉइड्स आहेत. बुरशीनाशकाबरोबर एकाच ट्यूबमध्ये घालून ती सर्रास विकली जातात. स्टिरॉइडनं सूज आणि खाज दबते, पण त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते. बुरशी निवांत पसरते. गजकर्णाची ओळख म्हणजे उंचावलेली, खवलेदार कडा आणि मधे निवळत चाललेली कातडी. तीच पुसली जाते आणि डॉक्टरलाही नेमकं काय आहे ते चटकन कळत नाही. जांघेत महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि पडलेले चट्टे जन्मभर राहतात. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरीही ती मागितली की मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

लावून झालं असेल तर ट्यूब बंद करा. पहिले काही दिवस खाज आणि लाली वाढेल. ते अपेक्षित आहे, घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडं वळू नका. जांघ, काख, कंबर, पायाची बोटं सगळं डॉक्टरांना दाखवा आणि वापरलेली ट्यूब सोबत न्या. शंका असेल तर डागाच्या कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. साधी, स्वस्त तपासणी आहे. डॉक्टरांनी दिलेलं बुरशीनाशक मलम डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि डाग दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. हे दोन आठवडे बहुतेक जण गाळतात, म्हणून दिवाळीला गजकर्ण परत हजर. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशकाला दाद न देणारी बुरशी आपल्याकडं आता बऱ्यापैकी दिसते, त्यामुळं शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या आणून उपयोग नाही. टाकळ्याचा पाला किंवा लसूण चोळून कातडी भाजते, ते वेगळंच.

घरात एकाला झालं की टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवा. वाळत नसतील तर शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा.

तालमीच्या हौद्यातल्या मातीवर भरवसा ठेवणं

ताक, हळद, तेल, लिंबू घातलेली लाल माती कातडीला बरी वाटते, पण संसर्ग तिथं मातीपेक्षा अंगाला अंग घासून पसरतो. मॅटवरही तेच. डाग दिसला की जोड (सरावाची कुस्ती) बंद, उपचार सुरू करून निदान तीन दिवस तरी. लंगोट रोज धुतलेला हवा, टॉवेल स्वतःचा हवा आणि लढत झाली की लगेच साबणानं अंघोळ. मानेवर, गालावर, कानाजवळ बारीक पाणीदार फोडांचा झुबका उठून हुळहुळत असेल तर ते गजकर्ण नव्हे, कुस्तीगिरांत पसरणारी नागीण-जातीची हर्पीस असू शकते. तिला विषाणूवरच्या गोळ्या लागतात. फोड डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा.

खरजेत एकट्यानंच औषध लावणं

बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवती, पुरुषांत लिंगावर गाठी आणि रात्री वाढणारी खाज : ही खरूज. पहिल्यांदा झाली तर किडा शिरल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे ज्याला आज खाज नाही, तोही पसरवत असतो. म्हणून एकाच घरात, वसतिगृहाच्या एकाच खोलीत किंवा ऊसतोडीच्या एकाच खोपीत राहणाऱ्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावलं पाहिजे.

खरजेवरचं 5 टक्के परमेथ्रिन मलम मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम लागतं. कोरड्या अंगाला हनुवटीखालून तळपायापर्यंत चोळा. नखांखाली, बेंबीत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत विसरू नका. नुसतं खाजतं तिथं लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. 8 ते 12 तास ठेवून अंघोळ करा. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. सातव्या दिवशी हेच पुन्हा. लहान मुलांना डोक्यालाही लावावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारूनच. गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा; धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर ठेवा.

इथं मात्र उलटं घडतं. किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, कारण ती शरीराची प्रतिक्रिया असते. म्हणून रोज परमेथ्रिन चोळत बसू नका, त्यानं कातडी आणखी पेटते. चार आठवड्यांनंतरही नवे पुरळ येत असतील तर पुन्हा दाखवा.

गुप्तभागावरची न दुखणारी जखम सोडून देणं

गरमीची (सिफिलिसची) पहिली जखम सहसा दुखत नाही. संबंधानंतर 10 ते 90 दिवसांत उठते आणि काही न करता तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. रोग आत तसाच राहतो. पुढं तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग येतात आणि घरचे म्हणतात, उष्णता झाली. अशी जखम किंवा असे डाग दिसले की रक्ताची व्हीडीआरएल तपासणी करा. जखम नुकतीच उठली असेल तर रोग असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. सुरुवातीच्या गरमीवर 24 लाख युनिट बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन एकदा. अझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांवर भागवू नका. इंजेक्शननंतर पहिल्या 24 तासांत ताप, अंगदुखी आली तर बहुतेकदा ती औषधाची अॅलर्जी नसून जंतू मरताना येणारी प्रतिक्रिया असते. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या तर मात्र तातडीनं दवाखान्यात. व्हीडीआरएलचा आकडा चौपटीनं उतरला, म्हणजे 1:32 वरून 1:8 वर आला, तर औषध लागू पडलं. तो 6 आणि 12 महिन्यांनी बघायचा. गरोदरपणात पहिल्याच तपासणीत ही चाचणी करून घ्या.

परम्याचा (गोनोरियाचा) पू संबंधानंतर दोन ते पाच दिवसांत दिसतो, पण बायकांत अनेकदा काहीच जाणवत नाही. म्हणून जोडीदारालाही त्याच वेळी औषध हवं आणि उपचारानंतर सात दिवस संबंध नको. घरात उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी घेऊ नका, परम्याचे जंतू तिला जुमानत नाहीत.

कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात दाखवता येतं. सरकारी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत असते आणि 2017 च्या कायद्यानुसार ती संमतीशिवाय करता येत नाही, निकालही गुप्त ठेवावा लागतो. एचआयव्हीचा धोका झाला असेल तर 72 तासांच्या आत जा, बचावाची औषधं 28 दिवस घ्यायची असतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. राष्ट्रीय हेल्पलाइन 1097 वर आधी विचारलं तरी चालतं. निरोधला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका, रबर कमजोर होऊन फाटतं. निसरडेपणा हवा असेल तर पाण्यावर आधारित जेल मेडिकलमध्ये मिळतं.