पुरानं वावरात आणून टाकलेला पसारा कसा काढावा

पूर ओसरला की सगळा पसारा परत नाल्यात लोटावासा वाटतो. लोटू नका. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे तुमच्या धुऱ्यावरचा थर्माकोल आधी खालच्या गावाच्या बांधीत, मग दर्यात. तिथून पुढे कुठवर? ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनं जपानच्या मिसावा बंदरातला सुमारे २० मीटर लांबीचा तरंगता धक्का उखडला, तो जून २०१२ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्याला लागला.

काही उचलण्याआधी फोटो काढा आणि पंचनामा करून घ्या. वावरात चार-पाच जागी जुन्या जमिनीपर्यंत खड्डा घ्या. कुजलेल्या पिकाची काळी रेघ दिसते, तिथून वरचा थर मोजा. फोटोत फूटपट्टी दिसलीच पाहिजे. गाळ काढायची सरकारी मदत थर ३ इंचांपेक्षा जास्त असला तरच मिळते, आणि गाळ उपसून झाल्यावर मोजायला काही उरत नाही.

तुटलेली विजेची तार दिसली तर लाइनमन येईपर्यंत वावरात शिरू नका. बुडालेली पंपाची मोटार पूर्ण सुकवून, तपासून घेतल्याशिवाय सुरू केली की जळते.

ढिगात हात घालू नका. घोणस, नाग अशाच ओल्या काडीकचऱ्यात दडतात. गमबूट घाला, सहा फुटी बांबूनं ढीग आधी ठोका, मग दाताळ्यानं आपल्याकडे ओढा. झाकण लागलेल्या फवारणीच्या बाटल्या उघडून पाहू नका, नाल्यात धुऊ तर मुळीच नका. वेगळ्या पोत्यात भरा. गॅसची टाकी वाहून आली असेल तर ती आहे तिथंच राहू द्या, एजन्सीला कळवा.

सागवानाचा ओंडका आला म्हणून आरा काढू नका. वाहत आलेलं लाकूड, मालकी सिद्ध होईपर्यंत, भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ४५ प्रमाणे सरकारचं धरलं जातं. टोकावर मालकीची खूण म्हणून मारलेला हातोड्याचा छाप आहे का पाहा, फोटो घ्या, वनरक्षकाला कळवा.

प्लास्टिक आणि थर्माकोल सर्वात आधी उचला. जड माल दोन दिवस जागचा हलत नाही, हा मात्र एका वाऱ्यात पुन्हा नाल्यात. समुद्रावरही हाच हिशेब: जपानचा जो माल पाण्यावर उंच तरंगत होता तो वाऱ्यानं आधी पोचला, बुडत-तरंगत चाललेला मागून.

खरी डोकेदुखी बेशरमाच्या झुडपाची. त्याच्या तुकड्याला ओल्या मातीत प्रत्येक डोळ्यातून मूळ फुटतं, म्हणून ते कापून धुऱ्यावर टाकणं म्हणजे लागवडच. सगळे तुकडे मुरमाड, कडक जागी पसरा आणि काडी कटकन मोडेपर्यंत वाळवा. ओरेगॉनच्या त्या धक्क्यावरही जपानचे जिवंत समुद्री जीव चिकटून आले होते. ते खरवडून पुरले आणि वरून धक्का शेकला. गाजरगवताचं बी गाळातच असतं, ते एकदा उपटून संपत नाही. दर वेळी फुलावर येण्याआधी काढा.

राहिला गाळ. बारीक गाळ इंच-दीड इंच असेल तर काढायच्या भानगडीत पडू नका, नांगरून मातीत मिसळा. रेती मात्र काढावीच लागते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर ३ इंच थर म्हणजे १०,८९० घनफूट, जवळपास १०९ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ट्रॅक्टर ठरवण्याआधी हा आकडा मांडा. रेती वावराबाहेर न्यायची तर आधी तहसीलची परवानगी घ्या.

काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घालायची घाई नडते. वीतभर खालची माती मुठीत दाबा. गोळा बोटानं टोचल्यावर फुटला तर चालेल. नुसता खळगा पडला तर थांबा, नाहीतर चाकाखाली तवा, म्हणजे दाबलेल्या मातीचा कडक थर, बसतो आणि पुढच्या पऱ्हाटीची (कपाशीची) मुळं त्यावरच अडतात.