कोकणातल्या परसात कंपोस्ट: खड्डा नको, ढीग रचा

कंपोस्ट म्हटले की बहुतेकांना खड्डा आठवतो. परंतु रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांश चार महिन्यांत पडत असल्याने खड्ड्यात पाणी साचते, हवा उरत नाही आणि पाला नीट कुजण्याऐवजी दुर्गंधी सुटते. म्हणून परसातील उंचवट्यावर, सावलीत, जमिनीच्या वरच ढीग रचावा. आमच्याकडे जांभ्याच्या जुन्या चिऱ्यांची, मध्ये फटी ठेवून, तीन बाजूंची आडोशाची भिंत केली आहे. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी तीन फूट पुरे.

सुरुवात फाल्गुनात करावी, कारण तेव्हा पातेरा (वाळून गळलेला पाला) मुबलक असतो. तो पेटवून देण्याची सवय मला फार खटकते. राख पहिल्या सरींत वाहून जाते आणि आधीच धुपलेली जांभी जमीन सेंद्रिय अंशाला मुकते.

तळाला नारळाची सोडणे (वरची काथ्याची जाड साल) पालथी घालावीत. त्यावर वीतभर पातेरा, मग चार बोटे ओला थर (भाजीची देठे, आंब्याच्या साली, फणसाचे गरे काढून उरलेली, बारीक केलेली चारखंडे, गिरिपुष्पाचा पाला) आणि वरून शेणकाला म्हणजे पाण्यात कालवलेले शेण, असे थर चढवत जावे. आंबा-काजूची पाने चिवट असतात, ती कोयत्याने तोडून घातल्यास महिनाभराचा फरक पडतो. मासळीची आतडी मात्र ढिगात नकोत, कुत्री उकरतात. ती माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरावीत.

उन्हाळ्यात पाणी शिंपडावे. मूठभर माल घट्ट पिळल्यावर बोटांच्या फटीत एखादा थेंब दिसावा. धार लागली तर कोरडा पातेरा मिसळावा. तीन-चार दिवसांनी ढिगात पहार खुपसून थोड्या वेळाने काढल्यास ती चटका बसण्याइतकी तापलेली लागते. हीच ५५ ते ६० अंशांची उष्णता तणाचे बी मारते. ऊब ओसरली की, साधारण पंधरा दिवसांनी, ढीग उलथावा.

उलथताना घाई करू नये. नारळाच्या शेंड्यातले कोवळे पान पोखरून ते पंख्यासारखे कातरणारा गेंड्या भुंगा अशाच ढिगात अंडी घालतो. बोटाएवढी जाड, पांढरी, तपकिरी डोक्याची, कमानीसारखी वळलेली अळी दिसली की वेचून मारावी किंवा कोंबड्यांपुढे टाकावी. ढीग या भुंग्यांसाठी मोकळा ठेवला, तर खत तयार होते आणि माड जातो.

मृगापूर्वी ढिगावर माडाचे झाप (विणलेल्या झावळ्या) आणि ताडपत्री घालावी, पण बाजूने हवा खेळू द्यावी. तीन-चार महिन्यांत माल काळसर, भुसभुशीत होऊन त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. मग चाळून तो आळ्यांत मातीत मिसळावा. चाळणीवर उरलेल्या काड्या पुढच्या ढिगाला विरजण म्हणून वापराव्यात.