हेडसेट माइक लावताय? मंचावरच्या या चुका टाळा

दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्र-रात्र प्रयोग करतात. मंचावर टांगलेल्या माइकखाली येऊन संवाद फेकायची तिथली सवय जुनी आहे. आता काही कलावंत आणि खंजिरी भजनाची मंडळं हेडसेट माइक मागू लागली आहेत. मंडप-साउंड भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रातून संच येतो, कानावर अडकतो, दोन ओळी होत नाहीत तोच शिटी वाजते आणि समोरून कोणीतरी ओरडतो, "आवाज बरोबर करा ना जी!"

गरज नसताना घेणे

एका जागी उभं राहून गाणाऱ्याला हातातला माइकच बरा. वरचा सूर लागला की तो माइक दूर नेतो, हळू ओळीला जवळ आणतो. हेडसेटमध्ये ही सोय नाही. आवाजाचा चढउतार मिक्सरवाल्याला नाहीतर कॉम्प्रेसरला, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या यंत्राला, सांभाळावा लागतो. पेटी किंवा खंजिरी वाजवत गाणारा, नाचणारा, मारामारीचा प्रवेश करणारा नट, यांनाच त्याचा खरा उपयोग.

कोणता घ्यावा

दुकानदार किंमत आणि कंपनी सांगतो. विचारायचं ते वेगळंच: हा सगळीकडून आवाज घेणारा ओम्नी आहे की एकाच बाजूने घेणारा कार्डिओइड? ओम्नी थोडा सरकला तरी आवाजाचा पोत फारसा बदलत नाही, 'प', 'भ' वर फटकेही कमी बसतात. पण तो स्पीकरचा आवाज आणि शेजारची खंजिरीही तितक्याच आवडीने घेतो. कार्डिओइड बाजूचा, मागचा गोंगाट कमी घेतो. मात्र त्याचं तोंड ओठांच्या कोपऱ्याकडेच हवं, नाहीतर आवाज दबतो. आपल्याकडे स्पीकरचे खांब मंचाला लागूनच उभे असतात. त्यामुळे भजन मंडळांनी कार्डिओइड घ्यावा आणि खंजिरी ज्या हातात धरली जाते त्याच्या उलट गालावर लावावा, असं माझं मत. खंजिरीच्या झांजांचा आवाज तीक्ष्ण असतो. एकदा माइकमध्ये शिरला की मिक्सरवरून तो वेगळा काढता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक: जागा

माइकचा दाणा ओठांच्या समोर नको, कोपऱ्याच्या थोडा मागे, साधारण दोन सेंटिमीटरवर हवा. समोर असला की श्वास थेट त्यावर आदळतो आणि स्पीकरमधून धपधप येते. मग कलावंत काय करतो? दांडी वाकवून लांब नेतो. इथेच घोटाळा होतो. अंतर दुप्पट झालं की आवाज जवळपास ६ डेसिबलने पडतो. मिक्सरवाला तेवढा गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची पातळी, वाढवतो, आणि त्या गेनबरोबर स्पीकरचा आवाजही माइकमध्ये वाढतो. शिटी तिथूनच निघते. लोक अॅम्प्लिफायरला शिव्या देतात, दोष मात्र गालावर असतो.

फेटा, खोटी मिशी, झुमका आधी घालावा, माइक नंतर. दांडी गालाला मेडिकलच्या दुकानातल्या पारदर्शक टेपने चिकटवावी. मान फिरवून, वाकून, ओरडून पाहावं. दाणा मिशीला घासला तर प्रत्येक संवादात खरखर ऐकू येईल.

शिटी तरीही आलीच तर आधी स्पीकर मंचाच्या पुढच्या कडेपेक्षाही पुढे सरकवा. त्यानंतर मिक्सरवर १०० ते १५० हर्ट्झच्या खालचा आवाज कापा. धपधप आणि मंचाच्या फळ्यांचा दणका जातो. भारूड करणारा लोकांत उतरून स्पीकरपुढे गेला तर शिटी येणारच, तेव्हा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली घ्यायला माणूस जागेवर असावा. आलिंगनाच्या प्रवेशात दोन्ही नटांचे माइक चालू ठेवले तर आवाज पोकळ होतो. एक बंद करा.

घाम आणि दव

पौषातल्या रात्री दोन-तीन वाजता दव पडतं, त्यात नटाचा घाम. दाण्याच्या जाळीवर पाणी बसलं की आवाज एकदम बोजड होतो, 'स', 'श' ऐकू येत नाहीत. इक्वलायझर (मिक्सरवरची जाड-बारीक आवाजाची बटणं) फिरवत बसू नका. फोमची टोपी बदला, जाळी कोरड्या कापडाने टिपा. फुंकर तर मुळीच मारू नका. सुटे फोम खिशात ठेवा, ते स्वस्त मिळतात. माइकचा आवाज बिनतारी पाठवणारा कमरेचा ट्रान्समीटर घामापासून वाचवायला कापडी पिशवीत घाला.

वायरलेसच्या भानगडी

ट्रान्समीटरचा आवाज पकडणारा रिसीव्हर मंचामागे जनरेटरजवळ ठेवायची रीत सोडा. माणसाचं अंग ट्रान्समीटरच्या रेडिओ लहरी अडवतं. अँटेनाला कलावंत दिसला पाहिजे. जुना संच ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत असेल तर घेऊ नका, २०२२ च्या लिलावात तो पट्टा मोबाइल कंपनीकडे गेला आहे. तीन-चार संच असतील तर त्यांच्या फ्रिक्वेन्सी सारख्या अंतरावर ठेवू नका: दोन लहरी मिसळून तिसरीवर येऊन बसतात आणि चांगला माइक फरफरतो. मध्यंतरात नवे अल्कलाइन सेल टाका. साधे स्वस्त सेल रात्रभर पुरत नाहीत.

माइक एका कंपनीचा, ट्रान्समीटर दुसऱ्याचा असं करताना पिन पाहा. कुठे चार पिनांचा छोटा एक्सएलआर (गोल प्लग), कुठे तीन पिनांचा, कुठे आटे असलेला साडेतीन मिलिमीटरचा जॅक. बाहेरून बसला तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि मग माइक मुका राहतो.

प्रयोगानंतर तार ट्रान्समीटरभोवती करकचून गुंडाळू नये, मोठं वेटोळं करावं. प्लगजवळ हलकेच वाकवल्यावर कडकड आवाज आला तर तार तिथेच तुटली आहे असं समजा आणि पुढच्या प्रयोगाआधी प्लग नव्याने डागून घ्या.