जुन्या जिप्सी-जीपला शॉकअप घ्यायचे? आधी टेप काढा, मग पाकीट

जुनी जिप्सी किंवा महिंद्राची एमएम ५४० जीप असलेला माणूस दुकानात गेला की पहिला प्रश्न एकच, कोणत्या कंपनीचा घेऊ? भाऊ, कंपनी सगळ्यात शेवटी. आधी गाडीखाली वाकून पाटे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पानांची स्प्रिंग, कसे आहेत ते पाहा, कारण गाडीचं वजन शॉकअप उचलतच नाही, ते पाटे उचलतात, शॉकअपचं काम फक्त पाट्याची उसळी मारायचं. गाडी मागून बसली असेल किंवा एका अंगाला झुकली असेल तर कितीही महागाचे शॉकअप टाका, ती तशीच बसलेली राहणार. त्यासाठी नागपुरात वाडीकडे ट्रकची कामं करणारे पाटेवाले आहेत, त्यांच्याकडून कमान भरून, म्हणजे सपाट झालेल्या पानांना पुन्हा बाक देऊन घ्या, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश पाहून घ्या, तुटलेलं पान बदला. हे सगळं झाल्यावरच शॉकअपचं माप घ्यायचं, कारण पाटे उचलले गेले की मापही बदलते.

आता जुना शॉकअप खरंच गेला का? बोनेट दाबून सोडायची टेस्ट पाट्याच्या गाडीवर फारशी कामाची नाही, पानं एकमेकांवर घासूनच गाडी थांबते आणि मेलेला शॉकअपही पास होऊन जातो. त्यापेक्षा सकाळी थंड्यात एखाद्या कच्च्या रस्त्यावर वीसेक मिनिटं चालवा, उतरा आणि चारही शॉकअपच्या बॉडीला हात लावून पाहा, सांभाळून, चटका बसतो. हालचालीची उष्णता करणं हेच शॉकअपचं काम, त्यामुळे तीन गरम आणि एक थंडगार असेल तर तो थंडवाला काम सोडून बसला आहे. बॉडीवर धूळ चिकटलेला हलका ओलसरपणा चालतो, तेलाचा ओघळ चालत नाही. आणि बदलायचा तर एक्सलची जोडीच बदला, एक नवा एक जुना ठेवला की ब्रेक मारताना गाडी वेडीवाकडी वागते.

मापाचा भाग जरा बारकाईनं वाचा, कारण बहुतेकांचे पैसे इथंच वाया जातात. चेसिसला नीट स्टँड लावा, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका बाप्पा. शॉकअप काढून टाका, एक्सल जॅकनं वर घ्या आणि बंप स्टॉपचं, म्हणजे एक्सल वर येऊन टेकतो त्या ठोकळ्याचं, रबर चांगलं दबलं की शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. मग एक्सल पूर्ण खाली लटकू द्या आणि तेच अंतर पुन्हा मोजा. समजा पहिलं माप ३५० मिमी आलं आणि दुसरं ५४० मिमी, तर नवा शॉकअप पूर्ण बंद असताना ३२५ च्या आसपास किंवा कमी हवा आणि पूर्ण उघडल्यावर ५४० पेक्षा थोडा जास्त. बंद लांबी जास्त निघाली तर खड्ड्यात बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच टेकतो, मग एकतर रॉड वाकतो नाहीतर चेसिसवरचं ब्रॅकेट उखडते. उघडी लांबी कमी पडली तर चाक खाली जाताना सगळा झटका शॉकअपच खातो.

लिफ्ट केलेल्या, म्हणजे उंच करून घेतलेल्या गाडीला लोक डोळे मिटून लांब शॉकअप घेतात. लांब घ्या, पण बंप स्टॉपही तेवढा खाली आणला का ते पाहा, आणि चाक जास्त लटकायला लागलं की ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) ताणतो का तेही पाहा. होज तुटला तर सस्पेन्शनची चर्चा तिथंच संपते. पहिल्या थारची, म्हणजे २०१० ची सीआरडीई, गोष्ट वेगळी, तिला पुढे पाट्याऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी आहे आणि तो पिळून गाडी उंच केली की चाकाचा एकूण प्रवास वाढत नाही, उलट खाली जायची जागा कमी होते, म्हणून तिथं पिळण्यावर जरा संयम ठेवा.

आता प्रकार. साधा तेलाचा ट्विन ट्यूब (नळीत नळी), गॅसवाला ट्विन ट्यूब आणि एकाच नळीचा मोनोट्यूब. जोरात काम पडलं की साध्या शॉकअपच्या तेलात फेस येतो आणि फेस दाबला जातो, मग तो काही रोखत नाही. थोड्या दाबाचा नायट्रोजन भरला की फेस कमी होतो. मोनोट्यूबमधे गॅस आणि तेल वेगळं असते, मधे सरकता पिस्टन, आणि तेलाची बॉडी सरळ हवेला लागलेली असल्यानं थंडही लवकर होतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, रस्ता तर त्याहून तापलेला, तेव्हा हा फरक कळतो. पण मोनोट्यूबच्या बॉडीला दगडाचा पोचा बसला की पिस्टन तिथंच अडकतो, ट्विन ट्यूब तेवढा पोचा सहन करून घेतो. माझं मत सरळ आहे, आठवडाभर शहरात आणि सुट्टीला पेंच-रामटेककडे फिरणाऱ्या गाडीला चांगला गॅसवाला ट्विन ट्यूब पुरतो. मोनोट्यूब त्याला, जो कच्च्या रस्त्यावर सामान लादून तासन् तास जोरात चालवतो.

कडक म्हणजे चांगला, हा गैरसमज तर जाऊनच नाही राहिला. जंगलातल्या रस्त्यांवर त्या बारीक बारीक आडव्या लाटा असतात ना, तिथं शॉकअपचा रिबाउंड, म्हणजे उघडतानाचा अडथळा, फार कडक असेल तर चाक खाली यायच्या आधीच पुढची लाट येते, गाडी हळूहळू बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवरच चालते, आतल्या माणसाची कंबर गेली. उलट तुम्ही एक पान जास्त टाकलं असेल, सफारीच्या जिप्सीसारखी मागे माणसं भरून नेत असाल, तर कंपनीवाल्या जुन्या शॉकअपचा रिबाउंड कमी पडतो आणि गाडी होडीसारखी डुलते. म्हणून दुकानात गेल्यावर वजन सांगा, पानं किती ते सांगा, रस्ता कोणता ते सांगा. रँचो कंपनीच्या नऊ पोझिशनवाल्यासारखा अॅडजस्ट होणारा शॉकअप अशा वेळी कामाचा, पण फिरवून पाहायचा उत्साह असेल तरच, नाहीतर तो आयुष्यभर पाचवर राहतो.

दुकानात नुसता जिप्सीचा द्या म्हणू नका. इतक्या वर्षांत आधीच्या मालकानं कोणत्या मिस्त्रीकडून ब्रॅकेट बदलून घेतले देव जाणे, त्यामुळे शॉकअपच्या टोकाला डोळा (बोल्ट आरपार जाणारी कडी) आहे की पिन, बोल्टची जाडी आणि बुशची रुंदी लिहून न्या. बुशचं रबर नखानं दाबून पाहा, कडक पडलं असेल तर माल जुना आहे, दुसरा मागा.

बसवताना ट्विन ट्यूब उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, आडवा ठेवल्यानं आत घुसलेली हवा निघते. रॉडला पक्कड लावू देऊ नका, एक ओरखडा आणि सील कापलं. डोळ्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे कसा, हवेत लटकलेली असताना कसले तर रबर कायम पिळलेलं राहते आणि लवकर फाटते. पावसाळ्यात काळ्या मातीतून आलात तर त्याच संध्याकाळी रॉडवरचा चिखल पाण्यानं धुवा, वाळला की तो सीलला घासतो. आणि पहिल्या लांब चक्करनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा पाना लावून तपासा.